गडद ठसे कुठे जातात

सोमवार, ४ मार्च

ताई,

नमस्कार. 'साष्टांग' लिहिण्याइतके आपले संबंध सध्या सरळ नाहीत, म्हणून नुसता नमस्कार.

माझं पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. लिहिताना मलाही वाटतं आहे. आमच्या नव्या घरी तुम्ही पहिल्यांदा जेवायला आलात आणि चार पाहुण्यांच्या देखत म्हणालात, "घर छान आहे, फक्त दवाखान्यात आल्यासारखं वाटतं." मी म्हणाले, "दवाखान्यात लोक बरे व्हायला येतात, टोमणे मारायला नाही." तुम्ही ताटावरून उठलात आणि मी थांबवलं नाही. त्यानंतर ना तुमचा फोन, ना माझा. यात कोणाचं चुकलं हे उकरायला हे पत्र नाही. भिंती अजूनही पांढऱ्याच आहेत.

मुद्दा तुमच्या भावाचा आहे.

बाहेर कोणाशी बोलायची सोय नाही. शेजारणीला सांगावं, तर संध्याकाळपर्यंत लिफ्टलाही कळेल. तुमच्याशी भांडण असलं तरी तुम्ही घरच्या. घरातलं भांडण घरात, तशी घरातली शंकाही घरात.

आयुष्यभर कचेरीत पट्टी लावून नकाशांच्या रेघा मारलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून जेवणाच्या टेबलावर ठसे काढतो. जुन्या फोटोच्या चौकटीची काच घेतली, कडांना चिकटपट्टी लावली. तिच्यावर पोस्टर कलर, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब, म्हणजे रंग लवकर सुकत नाही. तो रंग भांडी घासायच्या स्पंजने पसरायचा, कान साफ करायच्या काडीने आणि तुटक्या कंगव्याने त्यात चित्र ओरबाडायचं, वर ओलसर कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीने घासायचा आणि अलगद उचलायचा. काचेवरचं चित्र कागदावर येतं. "एका काचेवरून एकच ठसा निघतो, म्हणून याला मोनोप्रिंट म्हणतात," असं मला समजावून सांगण्यात आलं. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. 'मोनो' म्हणजे काय हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.

छंदाला माझी हरकत नाही. पोळ्यांचं लाटणं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कागदावर फिरवतात, त्याला आहे. प्लास्टिक फाटतं आणि माझ्या पिठात निळा रंग येतो. पण मी त्यांना काही बोललेले नाही, कारण बोललं की माणूस सावध होतो, आणि मला त्यांना सावध करायचं नाही.

कारण असं. दर गुरुवारी सकाळी ते "वाचनालयात जातो" म्हणून निघतात आणि संध्याकाळी परततात. पुस्तक कधी आणत नाहीत. जाताना काखेत गुंडाळी असते. विचारलं तर "जुनं कॅलेंडर". दर आठवड्याला कोणाकडे इतकी जुनी कॅलेंडरं निघतात? स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, ज्या मी कशालाही लागतील म्हणून ठेवते, त्या कमी होत चालल्या आहेत. आणि गुरुवारी संध्याकाळी जिना चढताना ते शीळ घालतात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा शीळ घालायला लागला तर बायकोने काय समजावं?

तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात. दोन प्रश्न. एका काचेवरून खरोखर एकच ठसा निघतो का? आणि तुमचा भाऊ लहानपणी लपवाछपवी करायचा का? हो किंवा नाही, एवढं लिहिलंत तरी पुरे.

तुमची भावजय


मंगळवार, १२ मार्च

ताई,

उत्तर नाही. तुमचा राग मी समजू शकते. दीर्घकाळ राग धरणं हा आपल्या दोघींतला एकमेव समान गुण आहे.

पण एक गंमत सांगते. गुरुवारी संध्याकाळी तुमच्या भावाने नवं लाटणं आणलं. म्हणाले, "हे माझ्या रंगासाठी. तुझं तुला." मी लाटण्याबद्दल त्यांच्याशी अवाक्षर बोललेले नाही. फक्त तुम्हाला लिहिलं होतं. योगायोग म्हणून सोडून देते. सध्या.

आता मुख्य गोष्ट. रविवारी ते केस कापायला गेले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि स्वतः प्रयोग केला. काच, रंग, साबण, स्पंज, सगळं त्यांच्यासारखं. चित्र काय काढायचं हा प्रश्न होता, म्हणून चंचुपात्र काढलं. ते मला डोळे मिटून येतं. कागद ठेवला, घासला, उचलला. उत्तम ठसा आला. मग काचेवर जो रंग उरला होता त्यावर दुसरा ओला कागद ठेवला आणि जोर लावून घासला. दुसराही ठसा आला. फिकट, आजारी माणसासारखा, पण आला. तिसऱ्याच्या वेळी काही उरलं नाही.

म्हणजे एका काचेवरून दोन ठसे निघतात. एक गडद, एक फिकट. तुमचे भाऊ माझ्याशी खोटं बोलले.

मग त्यांची फाइल काढली. ते ठसे सुकले की एका फायलीत लावतात. आजवर मला वाटायचं की माणूस रंगात काटकसर करतो, म्हणून सगळं असं सांडलेल्या चहाच्या डागांसारखं दिसतं. ताई, त्या फायलीतला एकूण एक कागद दुसरा ठसा आहे. फिकट. घरात गडद असा एकही नाही. पहिला, चांगला, भरलेला ठसा गुरुवारी काखेतून बाहेर जातो, आणि घराला उरलंसुरलं.

एखाद्याने ताटातलं साजूक तेवढं बाहेर वाटावं आणि घरी खरवड ठेवावी, तसं हे आहे. बरं, मी मागितलं असतं आणि दिलं नसतं तर गोष्ट वेगळी. मला माहीतच नव्हतं की गडद असतं.

चित्रं कसली, तेही लिहिते. केटली. कुलूप. जिन्याचा कठडा. आणि एक सायकल, जी पुन्हा पुन्हा येते. लेडीज सायकल. मधला दांडा नाही आणि एका बाजूचं पॅडल तुटलेलं. मला सायकल येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मग ही कोणाची?

त्यांना ठसे शिकवणारी एक क्लासवाली आहे. पुढच्या गल्लीत, तळमजल्यावर शिकवते. वय पस्तिशीच्या आसपास, कानात मोठे डूल. सायकल आहे की नाही ते बघून येते.

तुमची भावजय


सोमवार, २५ मार्च

ताई,

क्लासवालीकडे जाऊन आले. तिच्याकडे स्कूटर आहे.

"काका?" ती म्हणाली. "ते तर दोनदाच आले. मी पानं-फुलं शिकवत होते. त्यांना ती नको होती. म्हणाले, मला रेघ अशी पाहिजे की हाताला लागली पाहिजे."

"हाताला म्हणजे?"

"म्हणजे डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळली पाहिजे. मी म्हटलं, मग काचेवर सुतळी ठेवा, नाहीतर लेस. जाड कागद चांगला भिजवून घ्या आणि जोरात दाबा. सुतळीचा माग कागदात उतरतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही पण या ना क्लासला. ताण हलका होतो."

"मला ताण नाही."

"दिसतंय," ती म्हणाली.

उशीच्या अभ्र्याची लेस कोणी कापली ते त्यामुळे कळलं. बाकी काही कळलं नाही. डोळे मिटून बोट फिरवायचं! हे कोणते खेळ चालले आहेत, आणि या वयात कोणाबरोबर?

पण आज लिहायचं कारण क्लासवाली नाही. तुम्ही आहात.

गुरुवारी रात्री जेवताना मी टेबलावरचा एक ओला ठसा बाजूला सरकवला. तुमचे भाऊ म्हणाले, "जपून हं, सांडलेल्या चहाचे डाग आहेत, पुसून टाकशील." म्हणाले आणि जीभ चावली. ताटात मान घालून जेवत राहिले. कान मात्र लाल झाले होते.

'सांडलेल्या चहाचे डाग' हे शब्द माझे आहेत. ते मी जगात एकाच ठिकाणी वापरले. तुम्हाला लिहिलेल्या पत्रात.

तेव्हा लाटणं हा योगायोग नव्हता. मी तुम्हाला विश्वासाने लिहिते, तुम्ही मला एका ओळीचं उत्तर देत नाही, पण भावाला सगळं कळवता. फोन करता की पत्र, ते माहीत नाही. मी घरचं म्हणून तुमच्याकडे आले, आणि तुम्ही घरचं म्हणून त्यांच्याकडे गेलात. रक्ताचं नातं ते रक्ताचं, भावजय ती परकीच. हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं.

ते कोणाकडे जातात हेही मग तुम्हाला माहीत असणार. सांगू नका. मी विचारतही नाही.

तुमची भावजय


शनिवार, ३० मार्च

ताई,

मागच्या पत्रात रागाच्या भरात लिहिलं. सोडून द्या.

आज फक्त एक खाजगी गोष्ट. गेले काही दिवस माझा उजवा गुडघा फार दुखतो. खाली बसलं तर उठता येत नाही. यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. उगाच धावपळ करतील. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून तुम्हाला. कृपा करून तुमच्यापाशीच ठेवा.

तुमची भावजय


शुक्रवार, ५ एप्रिल

ताई,

गुडघ्याचा पट्टा आला.

काल संध्याकाळी तुमच्या भावाने आणला. चांगल्या प्रतीचा आहे. म्हणाले, "दुकानात दिसला. म्हटलं, असू दे घरात." दुकानात दिसला! माणूस वाचनालयात जातो आणि त्याला गुडघ्याचा पट्टा दिसतो.

माझा गुडघा ठणठणीत आहे. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही होता. प्रयोगशाळेत एकाच परीक्षानळीत एकच बदल करून बघायचा असतो, तसा बघितला. निष्कर्ष मिळाला. आता तुम्ही नाकबूल होऊ नका आणि तुमच्या भावालाही सांगा की साळसूदपणाचा आव आणू नये.

दुसरं, वाचनालयाला गुरुवारी सुट्टी असते. पाटीवर लिहिलं आहे. ती पाटी आमच्या घरापासून चार इमारती सोडून आहे आणि मी तिच्यासमोरून रोज भाजीला जाते. शिकवत होते तेव्हा मुलांना 'निरीक्षण, निरीक्षण' म्हणून घसा कोरडा करायची.

पुढे काय करणार ते आता पत्रात लिहीत नाही. तुमच्याकडे पत्र लिहिणं म्हणजे चावडीवर बोलणं.

तुमची भावजय


शुक्रवार, १२ एप्रिल

ताई,

हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्ही ते उघडणार नाही, हे आता मला माहीत आहे. गुरुवारपर्यंत ते टेबलावर राहील. गुरुवारी जो येईल तो उघडेल आणि मोठ्याने वाचेल. म्हणून पहिली सूचना वाचणाऱ्याला: खुर्चीत नीट बसावं. माझा आवाज काढू नये. तो जमत नाही.

काल मी तुमच्या दाराशी आले होते.

समोरासमोर जाब विचारायचा म्हणून आले. हे सकाळी 'वाचनालयात' गेल्यावर तासाभराने बस धरली. तुमच्याकडे हेच भेटतील अशी कल्पनाही नव्हती. तुमचे तीन मजले चढले. वाटेत मनात वाक्यं जुळवली. पहिलं वाक्य फारच चांगलं जमलं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचले तर दार अर्धं उघडं, जाळीचं दार लोटलेलं, आणि आतून माझी वाक्यं येत होती. माझीच, पण आवाज यांचा.

"'...आणि तुमच्या भावालाही सांगा की साळसूदपणाचा आव आणू नये.'"

"परत वाच," तुम्ही म्हणालात. "साळसूद! किती दिवसांनी ऐकला हा शब्द."

"ताई, तू त्याच्या आधीचं ऐकलंस का? गुडघा दुखत नव्हता. मला पकडलं."

"ऐकलं की." आणि तुम्ही हसायला लागलात. हसताना तुम्हाला ठसका लागला. "ठोंब्या! अरे, तू पट्टा घेऊन लगेच धावत गेलास? दोन दिवस तरी थांबायचं."

"दुखतंय म्हटल्यावर थांबायचं कसं?"

इतक्या वर्षांत मला कळलं नाही की यांना घरी ठोंब्या म्हणत. नाव चपखल आहे.

आत यायला मी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला, कारण तुम्ही पुढे म्हणालात, "तिला वाटतंय मी तुला फोन करून चहाड्या सांगते. वाटू दे. मला वाचता येत नाही आणि तू वाचून दाखवतोस, हे कळण्यापेक्षा ते बरं."

"तेच सांगू दे ना मला तिला. तुझ्या डोळ्यांचं."

"नाही."

"डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस. लांबवलं तर उरलेलं पण जाईल. ऑपरेशन तिकडे, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. नंतर महिनाभर दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे. इथे एकटी कशी करणार? आमच्याकडे चल."

"बोलावल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. मेल्यावरसुद्धा नाही."

"मेल्यावर तुला कोण बोलावतंय?"

"मग झालं तर. आण इकडे, आज काय आणलंस?"

मग फॉइलच्या नळीतून कागद काढल्याचा आवाज आला. जाळीतून मला सगळं दिसत होतं. तुम्ही कागद नाकाला टेकेल इतका जवळ नेलात, खिडकीकडे वळलात, मग डोळे मिटून त्यावर बोटं फिरवलीत. "ही माझी सायकल," म्हणालात. "परत पॅडल नाही काढलंस."

"तूच तोडलं होतंस."

"मी नाही. तू मागे बसून पाय अडकवलास."

लेडीज सायकलचा निकाल असा लागला. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. हाच तो कठडा, तोही ओळखला. आमच्या फायलीत तो फिकट आहे.

आणि तुमची भिंत पाहिली. केटली, कुलूप, सगळे गडद ठसे तिथे आहेत. कोळशासारखे काळे, तुम्हाला दिसावेत म्हणून. मधोमध एक मोठा आहे, जो आमच्या घरात फिकटसुद्धा आलेला नाही. टेबलाशी ताठ बसून काहीतरी लिहिणारी बाई. अंबाडा घट्ट, पाठ पट्टी लावून आखल्यासारखी. तुम्ही जाता जाता त्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "मास्तरीणबाईंचं नाक जरा जास्तच सरळ काढलंस."

"आहेच तसं."

"आहे खरं. स्वभावासारखं." मग थांबून म्हणालात, "तिची पत्रं आली की बरं वाटतं रे. शिव्या देते, पण एकही शब्द वाया घालवत नाही. पुढचं कधी येईल?"

मी दार वाजवलं नाही. जुळवलेलं पहिलं वाक्य घेऊन तीन मजले उतरले. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "डोळ्यांत धूळ गेली." त्यांनी खिडकी लावून घेतली. बस थांबलेलीच होती.

आता वाचणाऱ्याने एक घोट पाणी प्यावं, पुढचं त्याच्याशीच आहे. हे सगळं मी काल संध्याकाळी तुमच्या तोंडावर बोलू शकले असते. तुम्ही शीळ घालत वर आलात, मी दार उघडलं आणि म्हटलं, "वाचनालय कसं होतं?" तुम्ही म्हणालात, "गर्दी होती." मी चहा टाकला. समोरासमोर बोलले असते तर तुम्ही मध्येच "अगं, पण" म्हणाला असता. वाचताना माणसाला दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करावं लागतं. तर हे वाक्य पूर्ण करा: आजारी बहिणीकडे जाणारा नवरा बायकोला वाचनालय सांगतो, कारण त्याला वाटतं की बायको नाही म्हणेल. तुम्ही मला कधी विचारलंत का? नाही म्हणायची संधी तरी द्यायची होती. शंका घेण्यात मी चूक केली असं मी म्हणणार नाही. शंका अगदी बरोबर होती. चुकला तो फक्त निष्कर्ष.

ताई, आता तुमच्याशी.

आज सकाळी मी यांना दूध, साबण आणि तीन दुकानांत मिळून जेमतेम मिळेल अशी एक वस्तू आणायला बाहेर पाठवलं आणि काच काढली. काळा रंग घेतला, साबण कमी घातला. सुतळी काळ्या रंगात बुडवून स्वच्छ काचेवर तिने एक शब्द मांडला. लहानसाच, 'या'. जाड कागद भिजवून वर ठेवला आणि चमच्याने घासला. कागद उचलला, तर शब्द उलटा. आरशात पाहिल्यासारखा. काचेवर सरळ मांडलेलं कागदावर उलटं येणार, एवढं शाळेतल्या पोराला कळतं. मला कागद उचलल्यावर कळलं. तो कागद सिंकखालच्या केराच्या डब्यात गेला. मग काच पुसून सुतळी उलटी मांडली. न्हाणीघरातला आरसा काढून आणला आणि त्यात बघून बघून काना योग्य बाजूला घेतला. तोवर रंग अर्धा सुकला होता. पुन्हा लावला. हात कोपरापर्यंत काळे झाले. हे परत आले तेव्हा मी साबणाने हात घासत होते. म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "तवा घासला." एवढं खोटं माझ्या हिश्श्याचं.

त्यातून निघालेला पहिला सरळ ठसा सोबत नळीत घालून पाठवते आहे. गडद आहे, आणि सुतळीचा माग कागदात चांगला खोल उतरला आहे. यांनी तो वाचून दाखवायचा नाही. तुम्ही बोटांनी वाचा.

त्याच्यामागून काढलेला फिकट इथे आहे. बाहेरच्या खोलीत, तुम्ही ज्या भिंतीला दवाखाना म्हणालात तिच्यावर, खिळा ठोकून लावला आहे. शेजारी दुसरा खिळा ठोकून ठेवला आहे. मधल्या खोलीतल्या पलंगाजवळ उजेड डाव्या बाजूने येतो आणि स्वच्छतागृह समोर आहे. थेंब मी घालीन. वेळेवर घालीन. तुमच्या भावाच्या हाती ते काम देऊ नका, तो बोलत बसेल. भिंतींबद्दल काय म्हणायचं ते पट्टी निघाल्यावर, स्वतःच्या डोळ्यांनी बघून म्हणा. तेव्हा मी ऐकून घेईन. उत्तर देणार नाही असं मात्र म्हणत नाही.

डॉक्टरांकडची तारीख यांनी याच आठवड्यात घ्यावी. येताना गडद कागद घेऊन या. दोन्ही शेजारी शेजारी लागले पाहिजेत.

तुमची भावजय

ता. क. काल तुमचे तीन मजले चढून उतरल्यापासून माझा उजवा गुडघा खरोखर दुखतो आहे. पट्टा लावला आहे. हे वाचताना वाचणाऱ्याने हसायचं नाही. ताईंना हसू द्यावं.